‘स्टिग्माटा’ की ‘एंड ऑफ डेज’: पावसाळी रात्रीसाठी दोन सदोष भयपटांची तुलना

वेंगुर्ल्यात आषाढातल्या रात्री फार लांबतात. जून आणि जुलै असे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, बंदरावरची वर्दळ ओसरलेली असते, बाजारातली दुकाने लवकर मिटतात आणि जेवणे आटोपल्यावर कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकत बसण्याखेरीज दुसरा उद्योग उरत नाही. अशाच एका संध्याकाळी पुण्याहून आलेल्या भाच्याने मला विचारले, ‘मावशी, देव-सैतानाचा एखादा जुना इंग्रजी सिनेमा सुचव. फार थोर नको. चुका असल्या तरी चालतील, पण कंटाळा येता कामा नये.’ ही मागणी वाटते तितकी सोपी नव्हती. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) किंवा ‘द ओमेन’ (१९७६) सुचवायला डोके लागत नाही, कारण त्यांचे मोठेपण सर्वांनी मान्य केलेले आहे. फसलेल्या, तरीही पुन्हा पाहावेसे वाटणाऱ्या सिनेमांची यादी मात्र ज्याची त्याने करायची असते आणि माझ्या यादीत पहिल्या दोन जागा गेली अनेक वर्षे ‘स्टिग्माटा’ आणि ‘एंड ऑफ डेज’ यांनी अडवून ठेवल्या आहेत. दोन्ही मी यंदा त्याच आठवड्यात लागोपाठ पाहिले. एकाच रात्रीपुरता वेळ असलेल्या माणसाने त्यांतला कोणता निवडावा, हे ठरवताना त्या पाहण्याचा उपयोग होईल.

दोन्ही १९९९ सालचे. ‘स्टिग्माटा’ अमेरिकेत १० सप्टेंबरला आला, ‘एंड ऑफ डेज’ २४ नोव्हेंबरला, म्हणजे सहस्रक संपण्याच्या भीतीचा धंदा ऐन तेजीत असताना. समीक्षकांनी दोघांनाही झोडपले, तरी दोघांनाही प्रेक्षक मिळाले, आणि ‘स्टिग्माटा’ तर प्रदर्शित झाला त्या आठवड्याअखेरीस तिथे पहिल्या क्रमांकावर होता. आमच्याकडे ते पोहोचले दोन-दोन तबकड्यांच्या व्हीसीडीवर. त्या काळी सिनेमा ऐन रंगात आला की पहिली तबकडी संपायची आणि उठून दुसरी घालावी लागायची. भाड्याने आणलेली ‘स्टिग्माटा’ची तबकडी एका जागी हमखास अडकत असे आणि पडद्यावरचा कार्डिनल, म्हणजे पोपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्मगुरू, चौकोनी तुकड्यांत विरघळून जात असे. दुकानदाराकडे तक्रार केली, तेव्हा त्याने ती शर्टाच्या टोकाने पुसून परत माझ्याच हातात दिली. त्यामुळे कित्येक वर्षे मला त्या सिनेमातला एक संपूर्ण प्रसंग ठाऊकच नव्हता, आणि ठाऊक झाल्यावर फारसे काही बिघडले होते असे वाटलेही नाही. ‘स्टिग्माटा’च्या पटकथेबद्दल यातून जे कळायचे ते कळते.

तुलनेचे खरे बोट मात्र तारखेवर नाही, एका नटावर ठेवायला हवे. आयरिश नट गॅब्रिएल बर्न याने ‘स्टिग्माटा’त फादर अँड्र्यू किरनन हा चमत्कारांची शहानिशा करणारा धर्मगुरू केला आणि त्याच वर्षी ‘एंड ऑफ डेज’मध्ये थेट सैतान केला. लहानपणी धर्मगुरू होण्यासाठी काही वर्षे सेमिनरीत काढलेल्या माणसाच्या वाट्याला एकाच वर्षी या दोन्ही भूमिका याव्यात, हा योग मजेशीर आहे. सर्वांत वाईट कामगिरीसाठी चेष्टेने दिल्या जाणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्कारांच्या यादीत या दोन्ही कामांसाठी मिळून त्याचे नाव सहाय्यक नटांत झळकले होते. तो निकाल मला अजिबात मान्य नाही. दोन्ही सिनेमांत टिकाऊ असे जे काही आहे, त्यातला मोठा वाटा त्याचाच आहे.

आधी ‘स्टिग्माटा’. ब्राझीलमधल्या बेलो क्विंतो नावाच्या काल्पनिक गावात एक वृद्ध धर्मगुरू मरण पावतो आणि त्याच्या चर्चमधल्या मेरीच्या पुतळ्याच्या डोळ्यांतून रक्त वाहू लागते. चौकशीसाठी व्हॅटिकनकडून फादर अँड्र्यू येतो. दरम्यान एक मुलगा शवपेटीजवळ जाऊन मृत धर्मगुरूच्या हातातली रोझरी काढून घेतो आणि एका पर्यटक बाईला विकतो. ती बाई ही माळ भेट म्हणून अमेरिकेत पिट्सबर्गला राहणाऱ्या आपल्या मुलीला पाठवते. मुलीचे नाव फ्रँकी, काम केस कापण्याचे, देवाधर्माशी संबंध शून्य. आणि तिच्या शरीरावर येशूच्या क्रुसावरच्या जखमा एकेक करून उमटू लागतात. स्टिग्माटा म्हणजे त्याच जखमा. परंपरेनुसार असिसीच्या संत फ्रान्सिसला त्या १२२४ साली झाल्या आणि अलीकडच्या काळात इटलीतल्या पाद्रे पिओ यांच्या हातांवरच्या जखमांची चर्चा १९१८ पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत चालली. नायिकेचे नाव फ्रँकी का, हे कळायला यापेक्षा जास्त माहितीची गरज नाही, आणि सिनेमा शेवटी तिला पक्ष्यांमध्ये बागेत उभी करून तो इशारा अधोरेखितही करून टाकतो.

पहिली जखम आंघोळीच्या टबात होते. मेणबत्त्या लावलेल्या आहेत, पाणी स्थिर आहे आणि फ्रँकी झालेली पॅट्रिशिया आर्केट डोळे मिटून पडलेली आहे. मग काहीतरी तिला पाण्याखाली ओढते आणि कटाकट कापलेल्या चित्रचौकटींत लोखंडी खिळा, लाकूड आणि मनगट दिसते. तळहात नव्हे, मनगट. चित्रांत आणि पुतळ्यांत शतकानुशतके तळहाताला खिळे दिसत आले असले, तरी शरीराचे वजन तळहात पेलू शकत नाही, म्हणून खिळे मनगटात मारले असावेत, हा तर्क सिनेमा गांभीर्याने घेतो. हा एवढा एक तपशील प्रसंगाला वजन देतो. दुसरा प्रसंग भुयारी रेल्वेतला. फ्रँकी डब्यात बसलेल्या एका अनोळखी धर्मगुरूला विचारते, ‘तुम्हीच अँड्र्यू किरनन का?’ ज्या माणसाला ती अजून भेटलेलीच नाही, त्याचे नाव तिच्या तोंडून येते. पुढच्या क्षणी तिचे हात वरच्या दांड्याला जखडल्यासारखे होतात, अदृश्य चाबकाचे फटके पाठीवर बसतात, कपडे फाटतात आणि गाडी सैरावैरा धावू लागते. या प्रसंगातली खरी भीती चाबकाची नाही. ती त्या आधीच्या साध्या प्रश्नाची आहे.

दिग्दर्शक रूपर्ट वेनराइट जाहिराती आणि संगीताच्या व्हिडिओंच्या दुनियेतून आलेला आणि त्याआधी मुलांसाठी एक विनोदी सिनेमा करून चुकलेला. त्याच्या हाताला स्वस्थता ठाऊक नाही. प्रत्येक दोन संवादांच्या मध्ये पाण्याचा थेंब, कबुतराचा पंख किंवा मेणबत्तीची ज्योत संथ गतीने दाखवल्याशिवाय त्याला करमत नाही. चार महिने पागोळ्यांखाली काढणाऱ्या कोकणी प्रेक्षकाला गळणाऱ्या छपराचे इतके कौतुक पाहून हसू येते. पार्श्वसंगीतात रॉक गायक बिली कॉर्गनचा सहभाग आहे, ते त्या काळाच्या चवीचे आहे आणि चालून जाते.

मुख्य दोष वेगळाच आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय निवड करता येणार नाही. फ्रँकीच्या अंगात आले आहे ते कोण? सिनेमा बराच वेळ भासवतो की हा सैतानी प्रकार आहे. आवाज बदलतो, खोलीतल्या वस्तू उडतात, ती हिंस्र होते. प्रत्यक्षात आलेला असतो तो मृत धर्मगुरू, म्हणजे एक पुण्यवान माणूस. मग पुण्यवान माणसाचा आत्मा एका निरपराध मुलीला भिंतीवर का आदळतो आणि संतांना मिळणारे दान शिक्षेसारखे का वाटते, याचे उत्तर पटकथेकडे नाही. कॅथलिक श्रद्धेच्या चौकटीत हे बसत नाही आणि पाश्चात्त्य समीक्षकांनी नेमके इथेच सिनेमाला धरले.

आणि इथेच तो आमच्याकडे वेगळा दिसतो. आमच्या शेजारच्या किरिस्तांव मावशी त्या रात्री सोबत बसल्या होत्या. मुलाने शवपेटीतली माळ काढली तेव्हाच त्या म्हणाल्या, ‘मेलेल्याच्या हातातली माळ काढून विकली? मगे भोगूक नको?’ त्यांच्या दृष्टीने पुढच्या दीड तासाचे कोडे तिथेच सुटले होते. जाणाऱ्याचे काम अर्धे राहिले, जीव त्यात अडकला, त्याच्या हातातली वस्तू ज्याच्याकडे गेली त्याला त्याने धरले. रोममधल्या धर्मशास्त्राला न पटणारा हा हिशेब कोकणातल्या कोणत्याही गावात पोरासोरांनाही पटतो. माझ्या काकी तर फ्रँकी अनोळखी भाषेत बोलू लागली तेव्हा पडद्यावरच्या सगळ्यांवर वैतागल्या. ‘तिका आधी इचारा, कोण इलो हा आणि कित्याक इलो हा!’ असे त्या दोनदा म्हणाल्या. देवळात अवसर आला, म्हणजे कोणाच्या अंगात आले, की पहिले प्रश्न हेच असतात. कोण आलास, काय मागतोस, काय राहिले आहे. डॉक्टर, पोलीस, धर्मगुरू आणि कार्डिनल असा सगळा लवाजमा गोळा करूनही हे विचारायला सिनेमाला जवळजवळ शेवटची वीस मिनिटे उजाडावी लागतात, आणि अँड्र्यू जेव्हा पेटत्या खोलीत शिरून त्या आत्म्याशी माणसासारखे बोलतो, तुझा निरोप मी पोचवतो म्हणून सांगतो, तेव्हा सिनेमा एकदम ताळ्यावर येतो. माझ्या मते पुन्हा पाहण्यासारखे जे आहे ते हे. जिला घाबरायचे असते ती गोष्ट शेवटी ऐकून घ्यायची गोष्ट निघते. बर्नने हा प्रसंग आवाज न चढवता केला आहे. त्याच्या समोर जोनाथन प्राइसचा कार्डिनल हाउसमन मात्र खलनायकाचे सगळे ठोकताळे पाळत मुलीचा गळा दाबायला निघतो, तेवढा भाग कोणत्याही हिंदी सिनेमातला वाटावा.

निरोप कोणता, तर येशूच्या शब्दांचे एक हरवलेले शुभवर्तमान, जे व्हॅटिकन दडपून ठेवत आहे. इथे वाचकाने सावध राहावे, कारण शेवटी पडद्यावर येणारी पाटी खऱ्या आणि खोट्याची सरमिसळ करते. थॉमसचे शुभवर्तमान या नावाचा ग्रंथ खराच आहे. त्याची संपूर्ण प्रत १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडली, ती कॉप्टिक भाषेत आहे आणि तिच्यात येशूची म्हणून ११४ वचने आहेत. सिनेमातला ग्रंथ मात्र अरामाइक भाषेतला आहे. मूळ ग्रंथ कोणी तळघरात दडवलेला नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर १९५९ पासून छापील मिळते. ‘लाकूड फोडा, मी तिथे आहे, दगड उचला, मी सापडेन’ या आशयाचे वचन खरोखर त्यात आहे. पण देवाचे राज्य लाकडा-दगडाच्या इमारतींत नाही, हा चर्चवर थेट बोट ठेवणारा भाग पटकथाकारांनी पदरचा जोडला आहे. या एका वाक्याने चर्च कोसळेल अशी भीती सिनेमातल्या कार्डिनलला वाटते. ज्या मुलखात देवराईतल्या झाडाखालचा शेंदूर न लावलेला दगडही गावाची राखण करतो आणि देव देवळाबाहेर भेटतो हे वारीला जाणारा निरक्षर माणूसही सांगतो, तिथे हे ऐकून कोणी दचकत नाही. भाचा म्हणाला, ‘एवढ्यासाठी एवढं रक्त?’ त्याचे चुकले नव्हते.

आता ‘एंड ऑफ डेज’. इथे कोण आले आहे हा प्रश्नच नाही. सैतान आला आहे, न्यूयॉर्कमध्ये आला आहे आणि एका बँकरच्या शरीरात शिरून आला आहे. १९९९ संपण्यापूर्वीच्या शेवटच्या तासात त्याला क्रिस्टीन यॉर्क नावाच्या मुलीकडून संतती हवी आहे, नाहीतर हजार वर्षे थांबावे लागेल. तिला वाचवतो जेरिको केन, म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. १९९७ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानंतरचा हा त्याचा पुनरागमनाचा सिनेमा होता आणि निर्मात्यांनी खर्चात हात आखडता घेतला नव्हता. दिग्दर्शक पीटर हायम्स स्वतःच छायाचित्रण करतो. त्याच्या अंधारात निदान कोण कुठे उभा आहे ते कळते, हा ‘स्टिग्माटा’वरचा त्याचा निर्विवाद वरचष्मा.

पटकथेचे काय सांगावे? सहाशे सहासष्ट हा आकडा उलटा केला की नऊशे नव्व्याण्णव होतो, त्यापुढे एक लावला की १९९९, हा शोध एक धर्मगुरू चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगतो. तेराव्या शतकातल्या थोर धर्मशास्त्रज्ञाचे, थॉमस अक्विनास याचे, नाव एका जीभ कापलेल्या बंदूकधाऱ्याला दिले आहे. त्याच्या अंगावर कोरलेले ‘क्राइस्ट इन न्यू यॉर्क’ हे शब्द म्हणजे ‘क्रिस्टीन यॉर्क’ हे नाव आहे, असा उलगडा होतो. म्हणजे जगाच्या अंताची भविष्यवाणी इंग्रजी स्पेलिंगवर अवलंबून निघाली. सैतानाला ठरावीक तासच का पाळावा लागतो, ही शंका खुद्द जेरिकोच घेतो आणि वेळ कुठली धरायची, न्यूयॉर्कची का, असे विचारतो. सिनेमातला हा सर्वांत शहाणा प्रश्न आहे. मी हिशेब केला. न्यूयॉर्कमधले ३१ डिसेंबरच्या रात्रीचे अकरा म्हणजे वेंगुर्ल्यात १ जानेवारीच्या सकाळचे साडेनऊ. जगाचा शेवट ठरत होता त्या तासाला आमच्याकडे पेज जेवून झालेली होती आणि काकी मासळीवालीशी बांगड्यांच्या वाट्यावरून घासाघीस करत होत्या.

एवढे सगळे असूनही हा सिनेमा कंटाळा आणत नाही. नायकाची ओळख पाहा. डोक्याला पिस्तूल लावून बसलेला माणूस, मग मिक्सरमध्ये रात्रीची कॉफी, बिअर, उरलेले चिनी जेवण आणि जमिनीवरून उचललेला पिझ्झाचा तुकडा एकत्र फिरवून पिणारा. बायको आणि मुलगी मारली गेल्याचे दुःख यातून दाखवायचे आहे. दुःख दिसत नाही, पण मिक्सर विसरता येत नाही. पुढे बुटकी, गोलमटोल मिरियम मार्गोलीस या धिप्पाड श्वार्झनेगरला उचलून भिंतीवर फेकते, तेव्हा आमच्याकडे टाळ्या पडल्या.

आणि मग बर्न. दशावतारी नाटकात सुरुवातीच्या आड दशावताराच्या भागात संकासूर येतो, काळ्या वेषात, मालवणीत चेष्टा करत. तो वेद चोरणारा राक्षस आहे आणि विष्णूच्या हातून मरणार हे मांडातल्या शेवटच्या पोरालाही ठाऊक असते, पण तो रंगात असेपर्यंत कोणाला झोप येत नाही. बर्नचा सैतान त्याच जातीचा आहे. तो घाई करत नाही, हसून बोलतो, आपण जिंकणारच असे त्याला वाटते. जेरिकोच्या घरी बसून तो त्याला त्याची मेलेली बायको आणि मुलगी नाताळच्या सजावटीत जिवंत दाखवतो, हे परत देतो म्हणतो, क्रिस्टीन कुठे आहे तेवढे सांग म्हणतो, आणि नकार आल्यावर त्यांच्या मृत्यूचा प्रसंग पुन्हा दाखवतो. या सात-आठ मिनिटांत बंदूक नाही, स्फोट नाही. दोन तासांहून थोड्या मोठ्या सिनेमातला हा एकमेव भाग आहे जिथे धर्म आणि भय दोन्ही खरोखर उपस्थित आहेत. शेवटी मात्र या देखण्या सैतानाच्या जागी संगणकावर बनवलेला पंखांचा राक्षस चर्चच्या फरशीतून उसळतो, आणि १९९९ चा संगणक आज जसा दिसायचा तसाच दिसतो. त्यानंतर जेरिको हातातली बंदूक खाली ठेवतो, प्रार्थना करतो आणि सैतान अंगात शिरल्यावर मायकल देवदूताच्या पुतळ्याच्या तलवारीवर स्वतःला झोकून देतो. बंदुकीसाठीच ज्याला घेतले त्या नटाने बंदूक टाकणे, ही कल्पना चांगली होती. तिला जागा उशिरा मिळाली.

चर्चच्या बाबतीत दोन्ही सिनेमे एकमेकांचे उलटे आहेत. ‘स्टिग्माटा’त वरची माणसे सत्य दडपणारी आणि साधा धर्मगुरू प्रामाणिक, ‘एंड ऑफ डेज’मध्ये पोप मुलीला वाचवा म्हणतो आणि त्याच्या आज्ञेबाहेरचा एक कडवा गट तिला मारायला निघतो. आमच्या शेजारच्या मावशींना दुसरे चित्र अधिक सोसले. पहिल्यात कार्डिनलने मुलीच्या मानेला हात घातला तेव्हा त्या उठून दिवे लावायला गेल्या आणि पाच मिनिटांनी परत आल्या. ज्यांच्या घरी कॅथलिक पाहुणे असतील त्यांनी ‘स्टिग्माटा’ लावण्यापूर्वी हे एवढे कानावर घालावे, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, दिवसांत तो लावूच नये. मुलांसमोर दोन्हीही नकोत. पहिल्यात रक्त फार आहे, दुसऱ्यात मारामारी आणि शरीरसंबंधांची दृश्ये.

भयाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ‘एंड ऑफ डेज’ला आज कोणी घाबरणार नाही, आणि ‘स्टिग्माटा’तला तो रेल्वेतला प्रश्न मात्र मला दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी ओढतानाही आठवला.

एक आडवळण घेते, कारण भाच्याने विचारले की हे सगळे आपल्याकडे कोणी केले नाही का. अरुणा-विकास या जोडीचा ‘गहराई’ (१९८०) त्याने पाहिला नव्हता. श्रीराम लागू यांच्यासारखा पक्का विवेकवादी माणूस बापाच्या भूमिकेत आणि पद्मिनी कोल्हापुरे ही अंगात आलेली मुलगी, म्हणजे संघर्ष निवडीतच आहे. वडिलोपार्जित जमीन विकण्याचा जाच त्या कथेच्या मुळाशी आहे, आणि आंब्याच्या बागा प्लॉट पाडून विकल्या जात असलेल्या या किनाऱ्यावर तो जाच कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोण आले आणि का आले, हा प्रश्न त्या सिनेमाला पहिल्यापासून माहीत आहे. पण तो सदोष-पण-मजेशीर या यादीतला नव्हे. तो पाहून झोप लागत नाही, म्हणून या तुलनेत त्याला बसवणे योग्य होणार नाही.

तेव्हा निवड. एकटे असाल किंवा सोबत एक-दोन जाणती माणसे असतील, पाऊस असेल आणि अधूनमधून सिनेमा थांबवून बोलण्याची सवय असेल, तर ‘स्टिग्माटा’ पाहावा. तो १०३ मिनिटांत आटोपतो. त्यातले दोष बोलायला लावणारे आहेत. डीव्हीडीवरचा दिग्दर्शकाचा वेगळा शेवट मिळाला, ज्यात फ्रँकी वाचत नाही, तर तोही अवश्य पाहावा. मला तोच अधिक प्रामाणिक वाटतो, कारण एवढ्या जखमा झालेल्या मुलीला बागेत फिरवून आणणे हा निव्वळ दिलासा आहे. शेवटची पाटी येण्याआधी बंद केला तरी चालेल. घरात दहा माणसे, फरसाण आणि गोंगाट असेल, अर्धे लोक मोबाइलमध्ये असतील, तर ‘एंड ऑफ डेज’. त्यात कोणीही केव्हाही येऊन बसले तरी काही हुकत नाही, फक्त सैतान आणि जेरिको समोरासमोर बसतात तेव्हा सगळ्यांना गप्प करावे. फक्त एकच सिनेमा पुन्हा पाहण्याची मुभा असेल तर माझे मत ‘स्टिग्माटा’च्या पारड्यात, अगदी थेंबांसकट.

भाच्याने आमच्या घरचा निर्णय वेगळाच केला. ‘स्टिग्माटा’ त्याने त्याच रात्री लावला आणि रेल्वेच्या प्रसंगात वीज गेल्यामुळे तो दोन हप्त्यांत पाहावा लागला. ‘एंड ऑफ डेज’ मात्र त्याने ३१ डिसेंबरसाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशी तो गोव्यात मित्राकडे असणार आहे, आणि तिथली मुले सरत्या वर्षाचा पुतळा, त्यांच्या भाषेत ‘ओल्ड मॅन’, रस्त्याच्या कडेला बसवून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून वर्गणी मागत असतात. बाराला तो जाळतात. अकराला सिनेमा बंद करून पुतळ्यापाशी जायचे, असे त्याने ठरवले आहे. मी त्याला सांगितले की दहाच्या आत त्या बैठकीच्या प्रसंगापर्यंत पोहोच म्हणजे झाले, उरलेला राक्षस नंतर पाहिला नाहीस तरी चालेल.